पाच म्हणजे पाच काय?

छोटे, घरातल्या औषधांचा डबा आता तुझ्याकडे आलाय. सासूबाईंना बारीक अक्षर दिसेनासं झालं, तुझा नवरा सकाळी मंडीदीपला कामाला निघतो तो दिवेलागणीनंतरच उगवतो, तेव्हा पिल्लूचं तापाचं सिरप, सासऱ्यांचं इन्शुलिन, सासूबाईंची थायरॉइडची गोळी, सगळं तूच बघणार. तुझ्या हातून नीट होईलच. तरी मी दवाखान्याच्या औषधांच्या काउंटरवर उभी असते आणि दिवसभर जे ऐकते त्यातलं थोडं तुला सांगायलाच हवं. एरवी तू मला "ताई, किती काळजी करतेस" म्हणून गप्प करतेस. आज ऐकून घे.

काउंटरवर येणारी माणसं औषधाचं नाव सहसा चुकत नाहीत. चिठ्ठी असते, जुनं खोकं असतं, फोनमध्ये फोटो असतो. गोंधळ होतो तो आकड्याचा. "दीदी, डॉक्टर साब ने पाँच बोला है." पाच काय? मिली, मिलिग्रॅम, थेंब, युनिट, की दिवस? खूपदा समोरच्याला ते ठाऊकच नसतं, आणि विचारल्यावर थोडा राग येतो. येऊ दे. तूही विचारत जा. डॉक्टरांना, नर्सला, मला, कोणालाही. नुसता आकडा कानावर पडला की पुढचा शब्द ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

पिल्लूच्या तापापासूनच सुरू करू. पॅरासिटॅमॉलचं लहान मुलांचं सिरप आपल्याकडे प्रामुख्याने दोन ताकदींत मिळतं. एकात ५ मिलीत १२५ मिग्रॅ औषध असतं (काही बाटल्यांवर १२० लिहिलेलं दिसेल), दुसऱ्यात त्याच ५ मिलीत २५०. आणि तान्ह्या बाळांचे थेंब म्हणून जी ड्रॉपरची छोटी बाटली येते, तिच्यात तर १ मिलीतच १०० मिग्रॅ असतं. म्हणजे दिसायला सगळ्यात नाजूक बाटली, आणि औषध सगळ्यात घट्ट. बाळासाठी आहे म्हणजे सौम्य असणार, असं सगळ्यांना वाटतं. ती घट्ट केलेली असते ते बाळाच्या तोंडात कमी पाणी जावं म्हणून.

आता हिशेब बघ. बालरोगतज्ज्ञ या औषधाची मात्रा वयावर नाही, वजनावर काढतात. साधारण दर किलोला एका वेळेस १० ते १५ मिग्रॅ. पिल्लू १० किलोचं. वरची बाजू धरली तर १५० मिग्रॅ. हेच १५० मिग्रॅ पहिल्या सिरपातून द्यायचे तर ६ मिली लागतील, दुसऱ्यातून ३ मिली, आणि थेंबांच्या बाटलीतून दीड मिली. औषध एकच, मूलही एकच, तरी तीन बाटल्यांचे तीन आकडे. मागच्या वेळी सहा दिलं होतं म्हणून या वेळीही सहा, आणि मधल्या काळात नवऱ्याने दुसरीच बाटली आणून ठेवलेली, असं झालं की मात्रा दुप्पट होते. थेंबांच्या बाटलीतून सहा मिली गेले तर चौपट. पॅरासिटॅमॉल साधं वाटतं, पण जास्त झालं तर यकृतावर जातं, आणि पहिल्या दिवशी मूल बरंच ठीक दिसतं, म्हणून कळतही नाही. दोन डोसांत निदान चार ते सहा तास जाऊ देत, आणि दिवसातून चार वेळांपलीकडे जाऊ नकोस. सर्दीच्या सिरपातही पॅरासिटॅमॉल असतं कधी कधी. मागच्या बाजूचा घटकांचा मजकूर वाचल्याशिवाय दोन बाटल्या एकत्र उघडू नकोस. बाटली बदलली की आधीचा आकडा विसरायचा आणि नव्याने विचारायचं.

चमच्याबद्दल आपलं जरा भांडणच होईल, कारण तुझ्याकडे पोह्यांचे सुंदर स्टीलचे चमचे आहेत आणि औषधही तू त्यातूनच देतेस. डॉक्टर चमचा म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ५ मिली असतात. घरातला चमचा कुठला तीन मिलीचा, कुठला सातचा. करून बघ: बिनसुईच्या सिरिंजने पाणी मोजून एकेक चमचा भर. त्यात आणखी "भरून" म्हणजे काठोकाठ की थरथरता, हे हातावर अवलंबून. बाटलीसोबत आलेलं मापाचं झाकण बरं, पण एक-दोन मिलीसाठी तेही भरवशाचं नाही, कारण रुंद झाकणात एका रेघेचा फरक डोळ्याला दिसत नाही. पाच मिलीची बिनसुईची सिरिंज घे. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, घशात एकदम नाही.

मापाचा विषय निघालाच आहे तर ओआरएसचंही सांगून टाकते, कारण मे महिन्यात भोपाळात जुलाब-उलट्या लागल्या की काउंटरवर तेच विकलं जातं. मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी असते. ती पेल्यात टाकून पाजणारी कितीतरी घरं आहेत. पाणी खारट लागतं, मूल थुंकतं, आणि पोटात गेलं तर रक्तातलं मीठ वाढतं. उलट, थोडी थोडी पुडी चिमटीने घालणारेही आहेत. त्यात मग ना मीठ पुरेसं, ना साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ असतं, आणि हे प्रमाण असं बसवलेलं आहे की ग्लुकोज आतड्यातून आत जाताना मिठाला आणि त्याच्यामागे पाण्याला ओढून नेतं. प्रमाण बिघडलं की ओढणं थांबतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-ग्लुकोजचं असंच मिश्रण पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्यातून असंख्य जीव वाचवले. इतकं मोठं औषध, आणि आपण ते पेल्यात वाया घालवतो. घरात एक लिटरची स्वच्छ बाटली वेगळी ठेव, पुडी संपूर्ण तिच्यात रिकामी कर, चोवीस तासांनी उरलेलं ओतून दे. छोटी पुडी आणली असेल तर ती २०० मिलीची आहे का ते पुडीवर वाच.

आता एक नाजूक विषय. सासूबाई बाळगुटी उगाळतात ना? वेखंडाचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, मुरुडशेंगेचे तीन, जायफळाचा अर्धा. मला त्या मापाचं फार कौतुक वाटतं. अक्षर न ओळखणाऱ्या बाईनेही लक्षात ठेवावं, पुढच्या पिढीला तोंडी द्यावं, असं ते माप. पण वेढा म्हणजे काही वजन नाही गं. सहाण खरखरीत की गुळगुळीत, हात जड की हलका, जायफळ नवं की वर्षभर डब्यात पडलेलं, यावर एका वेढ्यात किती उतरलं ते ठरतं. जायफळ जास्त झालं की मूल गुंगतं, आणि घरातले म्हणतात छान झोपलं. वेखंड जास्त झालं की उलट्या. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते मला पटतं, आणि पुढेही जायफळ-वेखंड मला नकोच वाटतं. तुझं पिल्लू आता वर्षाचं होत आलंय, तेव्हा सासूबाईंशी वाद घालू नकोस. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हण आणि माझं नाव पुढे कर. माझ्यावर रागावल्या तर चालेल.

मापं बदलली की काय होतं हे आपल्या घराने पाहिलेलं आहे. आजोबा १९५६ साली नागपूरच्या सचिवालयातून इथे आले. नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी भोपाळ ठरली, आणि नागपूरची कितीतरी मराठी घरं टेबलखुर्च्यांसकट इकडे आली. त्याच सुमारास देशातली मापंही बदलली: १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅम लागू व्हायला लागले. आजीच्या वहीत मात्र काढ्याला तोळा, मासा, गुंज तशीच राहिली. ती वही तुझ्याकडे आहे, म्हणून सांगते, त्यातून काही करायचं तर जपून. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आयुर्वेदाच्या सरकारी सूत्रसंग्रहात गुंज १२५ मिलिग्रॅमची धरतात, आठ गुंजांचा मासा म्हणजे १ ग्रॅम, बारा माशांचा तोळा म्हणजे १२ ग्रॅम. आणि आज सराफाकडे तोळा म्हटलं की तो १० ग्रॅमच देतो. सुंठीला हा फरक चालून जाईल, भस्माला नाही. गुंजांत मोजायचं औषध वैद्याने दिलं तर त्याच्याकडूनच पुड्या बांधून घे.

आईला आठवतं ते कंपाउंडरचं लाल मिक्श्चर. बाटलीच्या अंगाला कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्या कडेला कात्रीने पाडलेल्या खाचा, आणि "एका वेळी एक खूण". चमचा नको, वाचता यायला नको, बाटली उजेडात धरली की झालं. फार विचारपूर्वक केलेली सोय होती ती. आजच्या चकचकीत बाटल्यांवर कितीतरी लिहिलेलं असतं, पण ते वाचायला भिंग लागतं. तू सासूबाईंसाठी तेच कर: कागदाची पट्टी, मार्करने जाड रेघ. जुन्या मापांच्या खुणा गोळ्यांतही राहिल्यात बरं. ॲस्पिरिन ३२५ मिग्रॅची का, ३०० ची का नाही? कारण इंग्रजी औषधांत पूर्वी ग्रेन हे माप होतं, एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, आणि गोळी पाच ग्रेनची होती. अमेरिकेत हृदयविकारासाठी ८१ मिग्रॅची देतात, ती सव्वा ग्रेन. आपल्याकडे ७५ ची. कोणी अमेरिकेहून बाटली आणली की लोक घाबरतात, "सहा जास्त आहे". त्या सहाचं घाबरायचं काही कारण नाही. ३२५ ची गोळी ७५ च्या जागी रोज गेली तर मात्र घाबरायचं.

आता सासऱ्यांचं इन्शुलिन. इथे मी तुला हलक्यात सुटू देणार नाही.

आपल्या देशात इन्शुलिनची कुपी सहसा ४० युनिटची असते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. पेनमधलं काडतूस मात्र १०० चं, १ मिलीत १०० युनिट. सिरिंजाही दोन: लाल टोपणाची ४० च्या कुपीसाठी, केशरी टोपणाची १०० साठी. सिरिंजेवरच्या रेघा मिलीच्या नसतात, युनिटच्या असतात, आणि त्या एका ठरावीक ताकदीचं इन्शुलिन धरून छापलेल्या असतात. आता समज, सासऱ्यांना २० युनिट घ्यायचे आहेत. लाल टोपणाच्या सिरिंजेत २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. ४० च्या कुपीतून अर्धा मिली काढला तर २० युनिट, अगदी बरोबर. पण पेन बिघडलं म्हणून कोणी त्याच्या काडतुसातून त्याच लाल सिरिंजेने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर तोच अर्धा मिली आता ५० युनिट झाला. अडीचपट. रात्रीच्या जेवणाआधी हे घडलं तर पहाटे साखर कुठवर घसरेल याचा विचार कर. उलट बाजूने, ४० ची कुपी आणि केशरी सिरिंज: २० च्या रेघेत येतं फक्त ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट. मग साखर उतरत नाही, डॉक्टर मात्रा वाढवत जातात, आणि एक दिवस घरात योग्य सिरिंज येते तेव्हा ती वाढवलेली मात्रा पूर्ण लागू पडते.

म्हणून कुपी विकत घेताना सिरिंज त्याच वेळी, त्याच दुकानातून, कुपीवरचा ४० आणि सिरिंजेवरचा ४० शेजारी धरून. काडतुसातून सिरिंजेने कधीच काढायचं नाही. "अर्धी सिरिंज" असं तर घरात कोणी बोलायचंच नाही. आणि चिठ्ठीवर १० लिहून त्याला लगटून इंग्रजी यू काढलेला असेल तर तो शून्यासारखा दिसतो, १० चे १०० वाचले जातात. तू वहीत लिहिताना "१० युनिट" असं अख्खं लिही.

युनिट म्हणजे काय, असं तू विचारशील. वजन नाही ते. दोन मिरच्या सारख्या वजनाच्या असल्या तरी एक डोळ्यांतून पाणी काढते आणि दुसरी नुसतीच हिरवी. औषधांचंही सुरुवातीला तसंच होतं. १९२२ मध्ये टोरांटोत इन्शुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं तेव्हा ते प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेलं, दर खेपेला वेगळ्या जोराचं निघायचं. मग उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशाची साखर ठरावीक पातळीपर्यंत खाली आणणारी मात्रा, असं माप ठरवलं गेलं. म्हणजे युनिट हे परिणामाचं माप. त्यामुळे एका औषधाच्या युनिटचा दुसऱ्याच्या युनिटशी काही संबंध नाही. ड जीवनसत्त्वाचे ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. ती ६०,००० ची पुडी, जिचं नाव ऐकून आईने कपाळाला हात लावला होता, ती वजनाने दीड मिलिग्रॅम औषध आहे, तिळापेक्षाही कमी. पण ती आठवड्यातून एकदा असते! रोज घेणारी माणसं येतात आमच्याकडे, अशक्तपणा जाईल म्हणून. महिने गेले की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळतं, मूत्रपिंडाला त्रास होतो. आईची पुडी रविवारची, दुसऱ्या कुठल्याच वाराची नाही, हे तिला फोनवर तूही सांग.

सासूबाईंची थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. २५, ५०, ७५, १००. मिलिग्रॅमचा हजारावा भाग. परगावच्या एखाद्या कागदावर तीच ५० ची गोळी ०.०५ मिलिग्रॅम अशी लिहिलेली दिसेल, दोन्ही एकच. मायक्रोचं जे ग्रीक अक्षर हाताने काढतात ते घाईत एमसारखं दिसतं, आणि एका अक्षराने हजारपट फरक पडतो. दशांश चिन्हाचंही तेच: अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर ०.५, पुढचा शून्य हवाच, नाहीतर टिंब पुसलं की पाच. आणि पाच लिहायचे तर नुसते ५, ५.० लिहिलं आणि टिंब कागदाच्या घडीत गेलं की पन्नास. भोपाळात आपण मराठी लिहितो, शेजारी हिंदी, चिठ्ठी इंग्रजीत. सासूबाई वहीत देवनागरी १ काढतात तो इंग्रजी नऊसारखा दिसतो. रात्रपाळीच्या केरळच्या नर्सने ती वही वाचली तर? आकडा अक्षरांतही लिहायचा: एक गोळी. दोन सेकंद जास्त लागतात, लागू देत.

दादाच्या लंडनहून येणाऱ्या फोनवर तू रडवेली झाली होतीस, तेही एका मापामुळेच. त्याच्याकडे रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे १०० मिलीला किती मिलिग्रॅम अशी. आईने सांगितलं १४०, आणि तो तिथे सात-आठ ऐकायच्या तयारीत. १८ ने भागायचं, १८ ने गुणायचं, बस. १२६ म्हणजे ७. १४० म्हणजे साधारण ७.८. त्याने बाबांना भेट दिलेल्या यंत्रावर ९.२ आलं तेव्हा बाबांनी साखर उतरली म्हणून पेढा खाल्ला होता. ती १६६ च्या आसपास होती. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, तीही तिकडे वेगळ्या आकड्यात येते: आपलं ६.५ टक्के ते त्यांचं ४८. मूत्रपिंडाच्या क्रिएटिनिनला गुणक ८८.४, म्हणजे आपलं १.२ त्यांना १०६ दिसतं आणि फोनवर एकच आरडाओरडा. दादाला आकडे पाठवताना रिपोर्टचा फोटोच पाठव, मापाच्या रकान्यासकट. थर्मामीटरचं बटण चुकून दाबलं गेलं तर ते सेल्सिअस दाखवतं. ३८ दिसलं तर तो ताप आहे, १००.४.

टक्क्यांबद्दलही सांगते, आणि हे सांगताना माझा आवाज चढेल. औषधाच्या कागदावर टक्के असतात तेव्हा ते बहुधा १०० मिलीत किती ग्रॅम असे असतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्यात छिंदवाड्याच्या परासियाकडे साध्या सर्दी-खोकल्याची मुलं कोल्ड्रिफ नावाचं सिरप घेऊन मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. कितीतरी आईबाप त्यांना घेऊन नागपूरला धावले. वीसहून अधिक मुलं गेली. तमिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं ४८.६ टक्के; चालणारी मर्यादा ०.१ टक्का. हा आकडा बातम्यांत वाचून लोक पुढे गेले. तू मोजून बघ: १०० मिलीत ४८.६ ग्रॅम, म्हणजे पाच मिलीच्या एका मापात जवळजवळ अडीच ग्रॅम विष. आईने मात्रा अचूक मोजून दिली असेल, घड्याळ लावून दिली असेल. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ज्यांनी मोजायचं होतं त्यांनी बाटली बाजारात जाण्याआधी मोजलं नाही. आम्ही औषधवाले लोक या गोष्टीवर इतक्या लवकर गप्प कसे बसतो, हे मला सहन होत नाही. तुझ्या हातात आहे तेवढं तू कर: पिल्लूला खोकल्याचं सिरप नकोच. दोन वर्षांखाली द्यायचं नाही आणि पाचखाली सहसा टाळायचं, असं केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने तेव्हाच कळवलंय. आणि कुठलंही सिरप घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली, तर उद्या बघू म्हणायचं नाही.

आणि आपलं शहर. ज्याचं मापच कुणाला मिळालं नाही असं विष आपल्याएवढं कोणी पाहिलं नसेल. मिथाइल आयसोसायनेटची कामगारांसाठीची सुरक्षित मर्यादा अमेरिकेत ०.०२ पीपीएम धरलेली होती. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक, तेव्हा हे झालं पाच कोटी भाग हवेत एक भाग. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री इथल्या कारखान्याच्या टाकीतून ते सुमारे ४० टन सुटलं. कोणाच्या छातीत किती गेलं हे मोजणारं यंत्र कुठल्याच गल्लीत नव्हतं. हमीदिया रुग्णालयात पहाटे माणसांचे लोंढे आले तेव्हा डॉक्टरांना कोणता वायू तेही धड सांगितलं गेलं नव्हतं, मात्रा तर दूरच. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) अभ्यास हाती घेतला तेव्हा त्यांनी वस्त्यांतल्या मृत्यूंच्या प्रमाणावरून शहराचे भाग पाडले: तीव्र, मध्यम, सौम्य. म्हणजे मात्रेच्या जागी मोहल्ला आला. कारखान्यासमोरचं जे. पी. नगर म्हणजे तीव्र. आजही आमच्या काउंटरवर दम्याचा पंप न्यायला कोणी म्हातारी येते आणि "तेव्हा कुठे राहत होता?" असं विचारलं की ती मोहल्ल्याचं नाव सांगते, आणि जुना डॉक्टर त्यावरून फुप्फुसाचा अंदाज बांधतो. वाऱ्याची दिशा, घराचं दार कुठल्या बाजूला होतं, माणूस धावला की गोधडीत राहिला, यांतलं काहीच त्या नावात नसतं. म्हणून कुणी मात्रा विचारायला लाजलं की मला हे आठवतं आणि खूप वाईट वाटतं. आपल्याला विचारता येतंय, आणि उत्तर देणारं माणूस समोर आहे.

सलाईनचं एकच सांगते. पुढच्या महिन्यात सासऱ्यांना मोतीबिंदूसाठी नेणार आहात, तिथे कदाचित लावतील. चार तासांत ५०० मिली द्यायचं असेल तर साध्या नळीला मिनिटाला साधारण ४२ थेंब पडतात, कारण त्या नळीचे २० थेंब मिळून एक मिली होतो. बारीक नळीचे ६० थेंब लागतात. लवकर संपवून घरी जाऊ म्हणून शेजारच्या खाटेवरचे काका चक्री फिरवतील आणि तुलाही सुचवतील. हात लावायचा नाही. थेंब थांबले किंवा भराभर पडायला लागले तर घंटी वाजवायची.

रविवारी मी येतेय. फ्रिजमधली कुपी आणि सिरिंजेचं पाकीट दोन्ही बाहेर काढून ठेव, आकडे मीच जुळवून बघते. तापाच्या बाटल्या किती उघड्या आहेत त्याही एकत्र ठेव. दोन वेगळ्या ताकदींच्या निघाल्या तर एक मी घेऊन जाईन. येताना बिनसुईच्या सिरिंजा आणते, पाच मिलीच्या दोन आणि एक मिलीची एक. आणि पिल्लूचं ताजं वजन करून ठेव गं, सव्वा महिन्यापूर्वीचं नको.